बापूसो तोलाईदाराचं खोटं वजन

बापूसो मगदूम कधी खोटं बोलत नव्हता, असं मी म्हणणार नाही. बायकोशी बोलायचा, सासऱ्याशी बोलायचा, आणि तंबाखूच्या बाबतीत तर थेट मुनिमहाराजांना दिलेला शब्द त्यानं मोडला होता. पण काट्यावर तो कधी खोटं बोलला नाही. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत तो तोलाईदार होता. शेतकऱ्यानं आणलेले गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, काट्यावर चढवायचे, वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. ते ऐकून लिहायचं, हे माझं. मी त्याच अडतीत दिवाणजी होतो.

बापूसो मूळचा गडमुडशिंगीचा. जैनांचं शेतकरी घर, पण भावांची संख्या जास्त आणि जमीन तेवढीच, म्हणून हा पेठेत आला आणि पेठेचाच झाला. अंगानं असा, की बसलेला असला तरी उभ्या माणसाला बाजूला सरकावं वाटावं. दोन्ही बगलांत एकेक रवा घेऊन चालायचा आणि चालताना गप्पाही मारायचा. मोजणीत पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही पेठेची रीत. बापूसोनं सकाळी 'लाभ' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतला चहावाला आधण ठेवायचा, एवढा तो आवाज.

त्याच्या लग्नाची गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि दर वेळी थोडी वाढवली आहे. खरी एवढीच, की मुलगी बघायला हे लोक सीमेकडच्या बोरगावला गेले. पोहे आले. बापूसोची बशी रिकामी झाली, परत भरली, परत रिकामी झाली. मुलीला मोठ्यांनी विचारलं, तुला काही विचारायचं असलं तर विचार. तिनं खाली मान घालून विचारलं, "ह्यो माणूस रोज एवढंच जेवतो काय?" तीच अंजना. लग्नात बापूसोच्या पंगतीला वाढणारे दमून बदलले, तो मात्र उठला नाही, असं तिचा भाऊ सांगतो. तो भाऊ माझ्यासारखाच आहे, त्यामुळं अर्धंच खरं धरा.

एका चातुर्मासात महाराज आले होते, तेव्हा बापूसोनं दोन नियम घेतले. एक, तंबाखू सोडली. दोन, दिवस मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही. जैनांच्यात हा दुसरा नियम पुष्कळ जण पाळतात. अंजनावहिनींनीही त्याच्याबरोबर घेतला. तंबाखूचा नियम दिवाळीपर्यंतही टिकला नाही. माझ्या पेढीच्या मागं येऊन तो हळूच विचारायचा, "दिवाणजी, चुना हाय का?" आणि मी चुना द्यायच्या आधी त्याला चार शब्द ऐकवायचो, ते तो निमूट ऐकायचा. जेवणाचा नियम मात्र त्यानं मोडला नाही. हंगामात काटा अंधार पडेपर्यंत चालायचा. ऊन तांबूस झालं की बापूसो काटा थांबवायचा, तिथंच रव्यावर बसून मावळतीकडं डोळा ठेवून भाकरी संपवायचा आणि तोंड पुसून परत उभा राहायचा. शेतकरी वैतागायचे. तो म्हणायचा, "सूर्याला सांगा थांबायला, मग मी बी जेवायचा थांबतो."

पहिल्यांदा आवाज गेला. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, त्यानंतरच्या हंगामातली गोष्ट. 'लाभ' म्हणताना आवाज फाटायला लागला. हमाल म्हणायचे, "बापूसो, कोंबडं गिळलं काय ओ?" जैन माणसाला असलं विचारायचं म्हणजे मुद्दाम. बापूसोनं एकदोघांच्या पाठीत हसत गुद्दे घातले. मग गिळताना टोचायला लागलं. मग कानात कळा. गावातल्या डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं आणि चिठ्ठी लिहून दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्या दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी काही वाईट केलेलं नाही. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दुपारनंतर परत यायचं, एवढ्या अंतरावर होता, असं समजा.

घशात गाठ होती आणि ती कॅन्सरची होती. डॉक्टर तरुण होता, जाड चष्म्याचा. त्यानं सांगितलं, ऑपरेशन नको, किरण देऊन जाळू. यंत्राखाली निजवून गाठीवर किरण सोडायचे. आमच्याकडं सगळे त्याला लाईट घेणं म्हणायचे. रोज लाईट, रविवारी सुट्टी, आणि दर सोमवारी वजन.

अडतीच्या शेठनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. रोज नाही, पण बऱ्याचदा. मीही हौसेनं गेलो. खोटं कशाला सांगू, त्या गाडीत माणसांच्या बातम्या फार चांगल्या मिळायच्या. कुणाच्या सुनेनं माहेर धरलं, कुणाच्या मुलाला शिक्षिका पळवून घेऊन गेली, सगळं. त्यातला अर्धा डबा दवाखान्याचाच असायचा. मानेवर लाईटच्या जागेच्या जांभळ्या शाईच्या खुणा असलेली माणसं समोरासमोर बसायची आणि ऊस, पाऊस, जावई यांच्यावर बोलायची.

पहिल्याच दिवशी डॉक्टरनं आम्हा तिघांना, बापूसो, वहिनी आणि मला, समोर बसवून सांगितलं होतं. "हे बघा, हा आजार माणसाचं मांस खातो. वरून लाईटनं तोंड सोलून निघेल, चव जाईल, थुंकी आटेल. खायला नको वाटेल. तरी खायचं. औषध म्हणून खायचं. मांस उतरलं तर शरीराला लाईट सोसत नाही, मग मला थांबवावं लागेल."

मग त्यानं विचारलं, "अंडी चालतात?"

अंजनावहिनींनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं लगेच पुढचं वाक्य घेतलं. दूध, तूप, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, शेंगदाण्याचं कूट. थोडं थोडं, दिवसभर आणि रात्री निजताना एकदा.

"रात्री न्हाय," बापूसो म्हणाला.

"का?"

"नियम हाय."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग डॉक्टर म्हणाला तसंच झालं. लाईट घेऊन बाहेर आला की बापूसोला मळमळायला लागायचं. गाडीत खिडकीशी डोळे मिटून बसायचा. घरी आला की भिंतीकडं तोंड करून निजायचा. वहिनी आंबील घेऊन यायच्या, तो दोन घोट घ्यायचा, अर्धे परत यायचे. चव म्हणजे भिजलेल्या भुशाची, असं तो सांगायचा. गोड कडू लागायचं, तिखट झोंबायचं, दुधाला धुराचा वास यायचा. आणि गंमत बघा, गंमतच म्हणायची, ऊन कलून गेलं, गल्लीत दिवे लागले, की मळमळ उतरायची. घसा जरा सैल व्हायचा. तेवढा एक दीड तास त्याला भूक लागायची. खरी भूक. तो उठून बसायचा आणि चुलीकडं बघत राहायचा.

"आता देऊ काय?" वहिनी विचारायच्या.

"दिवस मावळला की."

वहिनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या आणि तिथल्या उपाध्यांना विचारून आल्या. उपाध्ये समजूतदार होते. त्यांनी सांगितलं, आजारपणात सूट असते, औषध समजून घ्या, बरं वाटल्यावर प्रायश्चित्त घेता येतं. वहिनींनी घरी येऊन तसंच सांगितलं. बापूसो ऐकून घेऊन म्हणाला, "औषध म्हंजे औषध. दूध म्हंजे दूध."

मी त्याला गाडीत छेडलं. म्हटलं, "बापूसो, तंबाखूच्या वेळी कुठं गेलता हा ताठा?"

तो फाटक्या आवाजात म्हणाला, "म्हणून तर. एक मोडला, तर घशात हे आलं. आता ऱ्हायलेला एक बी मोडू व्हय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मला गप्प बसवणारी माणसं फार थोडी झाली.

माणूस उतरतो म्हणजे कसा उतरतो, ते मी त्या महिन्यात बघितलं. आधी गाल गेले. मग कानशिलात खळगे पडले. मग दंड. ज्या दंडांत रवा बसायचा, त्याची कातडी रिकाम्या बाहीसारखी लोंबायला लागली. धोतराचा एक वेढा जास्त बसायला लागला. गाडीच्या लाकडी बाकावर त्याला हाडं रुतायची, म्हणून वहिनींनी पिशवीत गोणपाटाची घडी द्यायला सुरुवात केली. ती घालून तो बसायचा. डब्यात चढताना मी हात द्यायचो, आणि हातात जे यायचं ते मला ओळखीचं वाटायचं नाही. त्याला याचं काही वाटत होतं का, कुणास ठाऊक. गाडी उशिरा आली तरी त्याला काही नाही, मी एखाद्याची खुसखुशीत भानगड सांगितली तरी काही नाही. "व्हय का," एवढंच.

शेजारच्या बयाबाईंनी एक दिवस कहर केला. म्हाताऱ्या बाई, दिवसातनं दोनदा बस्तीत जाणाऱ्या. बघायला आल्या. बापूसो पाटावर बसलेला, हाडाचा सापळा, समोर आंबिलीची वाटी तशीच. बयाबाईंनी वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "लई मोठं तप केलंस रे बाळा. अन्नावरची वासना सुटली तुझी. पुण्याई लागती."

वहिनी आतून आल्या. "बयाक्का, त्यांची वासना सुटली न्हाय. त्यांचं तोंड सोलपाटलंय."

"तेच की गं. निमित्त काय बी असंना."

"तुमी घरला जावा," वहिनी म्हणाल्या. गल्लीभर चार दिवस चर्चा झाली, की मगदुमाची बायको देवमाणसाला धड पुण्य बी करू देत न्हाय. ती चर्चा मीच दोन गल्ल्या पुढं नेली, हे खरं आहे. त्यात मी बाजू मात्र वहिनींची घेतली होती.

आकाराम म्हणून एक गृहस्थ गाडीत आमच्यासमोर बसायचा. ऊसकरी शेतकरी, जिभेचा आजार. स्वतःला खाता येत नव्हतं, पण घरून येताना डबा भरून आणायचा आणि आम्हाला खायला लावायचा. आम्ही खात असताना तो आमच्या तोंडाकडं बघायचा. एका सोमवारी त्याचं वजन फार उतरलेलं निघालं. डॉक्टरनं सांगितलं, लाईट थांबवतो, घरी जा, अंगात ताकद आणा, महिन्यानं या. दुसऱ्या दिवशी आकाराम गाडीला नव्हता. आठवडाभरानं त्याच्या गावचा एक जण भेटला, त्यानं सांगितलं, आकाराम गेला.

"लाईट बंद केली म्हणून गेला," बापूसो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, तो जायच्या वाटेवरच होता, म्हणून बंद केली असंल."

"न्हाय. लाईट थांबली, माणूस थांबला."

त्यानंतरच्या सोमवारी बापूसोचं वजन उतरलं नाही. मागच्या सोमवारी होतं तेवढंच भरलं. पुढच्या सोमवारीही तेवढंच. डॉक्टर खूश. सिस्टर खूश. मला नवल वाटलं, कारण डब्यात चढवताना तो मला हलकाच लागत होता. पण काट्याला खोटं पाडणारा मी कोण? आणि तोही बापूसो ज्यावर उभा आहे तो काटा. लाईट चालू राहिली. तेवढीच, रोज.

पुढचं मला अंजनावहिनींनी नंतर सांगितलं, भाजी निवडत, आवाज न बदलता. मी मध्ये मध्ये विचारत होतो, त्या तेवढ्याच आवाजात उत्तर देत होत्या.

बापूसो सदऱ्याच्या आत पांढरी बंडी घालायचा, आतल्या बाजूला दोन मोठे खिसे असलेली. वहिनी ती धूत होत्या. खिशाला तांबडे डाग दिसले. पहिल्यांदा त्यांना रक्त वाटलं. गार पाण्यात चोळलं, जाईना. साबण लावला, जाईना. मग त्यांनी वास घेतला. तोलाईदाराच्या बायकोला गंजाचा वास कळतो. घरात एका ट्रंकेत जुनी लोखंडी वजनं होती, सरकारी शिक्क्याची मुदत संपलेली, पेठेत वापरायला बंदी असलेली, म्हणून बापूसोनं घरी आणून ठेवलेली. वहिनींनी ट्रंक उघडली. वजनं नव्हती. ती पिशवीतल्या गोणपाटाच्या घडीत गुंडाळलेली निघाली.

दर सोमवारी दवाखान्याच्या मोरीत जाऊन तो ती खिशात घालायचा. जेवढं मांस उतरलं असेल तेवढं लोखंड. अंदाज त्याचा पक्का, एवढी वर्षं तेच केलेलं. वजन उतरलंय असंही दिसू नये आणि वाढलंय अशी शंकाही येऊ नये, इतकं नेमकं.

"मग तुम्ही भांडलात?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"दिवे लागायची वाट बघितली."

दिवे लागले. देवापुढं दिवा लावला. मग वहिनींनी चूल पेटवली. त्या घरात त्या वेळेला चूल पेटल्याचं कुणी बघितलं नव्हतं. गुरगुट्या भात शिजवला, त्यात दूध घातलं, तूप घातलं, ताट घेऊन बापूसोसमोर बसल्या आणि स्वतः जेवायला लागल्या.

तो बघत बसला. मग म्हणाला, "अगं, दिवस मावळलाय."

"दिसतंय मला."

"नियम हाय तुझा."

"हुता." त्यांनी आणखी एक घास घेतला. "तुमच्या खिशातलं सापडलं मला. माझा तर मोडला आता. तुमी कुणासाठी धरून बसलाय?"

वहिनी जेवत राहिल्या. भुकेपोटी जेवत नव्हत्या, भाताला चव लागत नव्हती, असं त्यांनी सांगितलं. ताट अर्धं झालं तेव्हा बापूसोनं हात पुढं केला. वहिनींनी दुसरी वाटी आधीच भरून ठेवली होती, ती दिली. त्यानं चमच्यानं थोडं थोडं खाल्लं. सगळं राहिलं पोटात.

"रडला का?" मी विचारलं. मला असलं विचारल्याशिवाय राहवत नाही.

"न्हाय."

"काही बोलला?"

"गरम हाय म्हणाला."

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं गेलो. वहिनींनी वजनं पिशवीत घेतली होती, पण त्या पिशवीला बापूसोला हात लावू दिला नाही. दवाखान्याचा काटा म्हणजे उभा, दांडीवर छोटं वजन सरकवायचं असला. बापूसो त्यावर चढला. सिस्टरनं वजन नेहमीच्या खुणेवर ठेवलं. दांडी हललीच नाही. तिनं मागं सरकवलं. आणखी मागं. तिनं काट्याला हलकी थाप मारली.

"बिघडला वाटतं," ती म्हणाली.

"काटा बरोबर हाय, सिस्टर," बापूसो म्हणाला. "आधीचं वजन खोटं हुतं."

सिस्टरला कळेना. तिनं डॉक्टरला बोलावलं. वहिनींनी पिशवीतून वजनं काढून टेबलावर एका ओळीत ठेवली, लहानापासून मोठ्यापर्यंत, पेढीवर ठेवतात तशी. डॉक्टर त्यांच्याकडं बघत उभा राहिला. मग बापूसोकडं. मग परत वजनांकडं.

"कधीपासून?"

"आकाराम गेल्यापासनं."

"का?"

"तुमी लाईट थांबवली असती."

"हो, थांबवली असती," डॉक्टर म्हणाला. "आणि आता थांबवणारच आहे."

बापूसो काट्यावरून उतरला नव्हता. वहिनींनी त्याला हाताला धरून उतरवलं. मला वाटलं डॉक्टर ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं बापूसोला बाकावर बसवलं, दंड चाचपले, पोटरी चाचपली, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. त्याचं सगळं गणित चुकलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढा माणूस आहे असं धरून तो लाईट देत होता आणि तेवढा माणूस तिथं नव्हता. त्यानं विचारलं, संध्याकाळी खाता येतं का आता? वहिनी म्हणाल्या, "चार दिस झाले. खातात." डॉक्टरनं मान हलवली. त्याच दिवशी बापूसोला दवाखान्यात ठेवून घेतलं, नाकातून पोटात नळी घातली आणि तिच्यातून दूध, कढण, गुळाचं पाणी सोडायला सुरुवात केली. दिवसा आणि रात्रीही. आम्ही निघताना डॉक्टरनं त्यातलं सगळ्यात लहान वजन उचलून आपल्या कागदांवर ठेवलं आणि म्हणाला, "हे राहू दे माझ्याकडं." बाकीची मी पिशवीतून घरी आणली. जड होती.

नळी घातलेल्या बापूसोला बघायला मी गेलो तेव्हा तो छताकडं बघत पडला होता. मला बघून खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी मोठं सांगणार. म्हणाला, "दिवाणजी, तोंडातनं गेलं न्हाय तर जेवण म्हणायचं का?"

"उपाध्यांना विचारू?"

"नको," तो म्हणाला. "उगं विचारलं."

लाईट तीन आठवडे बंद राहिली. बापूसो त्या तीन आठवड्यांत गेला नाही. त्याला याचं नवल वाटलं असावं. मग परत सुरू केली, कमी कमी देत, आणि पुरी केली. घशात आरसा घालून बघितल्यावर डॉक्टर म्हणाला, गाठ गेली. वहिनींनी हात जोडले. बापूसोनं "व्हय का" म्हटलं. मी पेठेत येऊन सगळ्यांना सांगितलं, पेढे मागवायची भाषा केली. लोक म्हणाले, वा. मग बापूसो पेठेत आला आणि लोक गप्प झाले.

गाठ गेली होती, पण माणूस परत आला नव्हता. मांस काही भरलं नाही. खायचा, वहिनी दिवसभर आणि दिवे लागल्यावर खाऊ घालायच्या, वजनाचा काटा थोडा थोडा वर चढायचा, पण चढायचं ते पोटावर. दंड, पोटऱ्या, पाठ, जिथून रवा उचलायचा ते काही आलं नाही. एकदा त्यानं एक रवा उचलून बघितला, कुणी बघत नाही असं समजून. मी बघत होतो. गुडघ्यापर्यंत आला आणि तिथून त्यानं तो हळूच खाली ठेवला, फुटू नये म्हणून. मग अंगावरचा गुळाचा भुगा झटकला आणि घरी गेला. तोलाईदाराचा परवाना त्यानं दुसऱ्या दिवशी आणून दिला. शेठ म्हणाले, नुसता उभा राहा, पुकार. पण पुकारायला आवाजही उरला नव्हता. त्याच्या जागी दुसरा आला. तो बरा आहे. चहावाल्याला मात्र त्याचा आवाज पोचत नाही.

पेठेत आणि गल्लीत दोन गट पडले. बयाबाईंच्या गटाचं म्हणणं, मगदुमाच्या घरात आता उजेडात उपास आणि अंधारात चूल. दुसऱ्या गटाचं म्हणणं, नवरा वाचला, चूल कधी का पेटंना. मी दोन्ही गटांत चहा प्यायचो.

दोन वर्षांनी परत महाराज चातुर्मासाला आले. बस्तीत गर्दी. मोडलेले नियम प्रायश्चित्त घेऊन परत घेता येतात, हे उपाध्यांनी आधीच सांगितलेलं होतं. त्या दिवशी दुपारी मी मगदुमांच्या घरी बसलो होतो. बापूसो स्वच्छ सदरा घालून तयार होत होता. सदरा खांद्यावरून घसरत होता.

"चल की," तो वहिनींना म्हणाला. "आता बरं झालंय. परत घेऊ."

"तुमी घ्या," वहिनी म्हणाल्या. "मी न्हाय घेणार."

"का?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "घेतला, आणि तुमची गाठ परत आली, तर परत मोडायला लागंल. एकदा मोडला. परत परत जमायचं न्हाय मला."

बापूसो उभा राहिला. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण केला नाही. तो काठी घेऊन बाहेर पडला. बस्तीपर्यंत चालत जायला आता त्याला पुष्कळ वेळ लागायचा, मध्ये दोन ओट्यांवर बसायचा. वहिनींचे तांदूळ निवडून झाले, ते धुतले, भिजत घातले. माझा चहा गार झाला होता. मी उठावं असं मला वाटत होतं आणि उठवत नव्हतं, कारण तो परत आल्यावर काय होतंय ते मला बघायचं होतं.

तो आला तेव्हा ऊन पार गेलं होतं. वहिनींनी देवापुढं दिवा लावला, मग चूल पेटवली. बापूसो भिंतीला टेकून बसला, पाय लांब केले. कातडीवर धुरळा होता. वहिनींनी त्याला काही विचारलं नाही. मी विचारलं.

"घेतला का?"

"रांग लांब हुती," तो म्हणाला.

भात झाला. वहिनींनी आपलं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसल्या. त्याला वाढलं नाही. तो त्यांच्याकडं बघत बसला, मग दाराकडं, मग परत ताटाकडं. गल्लीत कुणीतरी बस्तीतून परत येत होतं, मोठमोठ्यानं बोलत. ते गेलं.

"मला बी वाढ," बापूसो म्हणाला.

वहिनींनी वाढलं. तूप जरा जास्त घातलं. तो जेवायला लागला, सावकाश, प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेत, कारण थुंकी अजून आलेली नव्हती. मी चप्पल पायात घातली आणि निघालो. दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही.